भागीरथा बाजाराला निघाली

दर रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली की नारी रोडवरच्या विहारात सतरंज्या तशाच राहायच्या आणि पुस्तकवाल्यांची बैठक भरायची. नियम साधे. प्रत्येकानं उठून सांगायचं, सध्या कोणतं पुस्तक चालू आहे आणि नुकतंच कोणतं संपलं. ज्याचं संपलं, त्यानं सगळ्यांना संत्रा बर्फी खाऊ घालायची. हा बर्फीचा नियम संघपालनं काढला. संघपाल कॉलेजात इतिहास शिकवायचा, बैठक त्यानंच सुरू केली होती, आणि त्याचा स्वतःचा जाडजूड ग्रंथ कधी म्हणजे कधी संपायचा नाही. त्यामुळे नियम त्याचा आणि बर्फी दुसऱ्यांची, असा सगळा मामला होता.

सगळ्यांत जास्त बर्फी नंदिनीची व्हायची. ती कळमेश्वरच्या एका कारखान्यात नोकरीला होती, जाता-येता बसमध्ये खुनाच्या कादंबऱ्या वाचायची. "या वेळचा खुनी मले बस स्टँड सोडायच्या आधीच समजला," असं सांगून ती डबा उघडायची. पुष्पलताबाई पाककृतींची पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कादंबरीसारखी वाचायच्या, आणि "मग त्या बेसनाचं पुढं काय झालं?" म्हणून लोक त्यांना छळायचे.

या सगळ्या हसण्याखिदळण्यात प्रेमानंद गजभिये मागं भिंतीला टेकून बसायचा. कोराडीच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्याची सगळी नोकरी झाली होती. मीटर दाखवतं ते खरं, बाकी सगळी हवा, असा त्याचा निवृत्तीनंतरही टिकलेला बाणा. गोष्टीची पुस्तकं त्यानं जन्मात वाचली नव्हती. तो यायचा तो थोरल्या बहिणीला घेऊन. तिचं नाव पार्वतीबाई, पण घरीदारी सगळे तिला नुसतं बाई म्हणत.

बाई नरखेडकडच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकली. मग आई संत्र्याच्या बागेत मजुरीला जाऊ लागली आणि धाकट्या भावाला सांभाळायला बाई शाळा सोडून घरी बसली. तो धाकटा म्हणजे प्रेमानंद. तो शिकला, इंजिनिअर झाला. बाईची अक्षरओळख आयुष्यभर तशीच पडून राहिली. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली, बैठकीत येऊन बसायला लागली, आणि म्हातारपणी तिला वाचायचा असा नाद लागला की विचारू नका. शब्दाखाली बोट धरायची, ओठ हलवायची, आणि गंमत आली की एकटीच खुदकन हसायची.

गेल्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांतून फिरताना, जमिनीवर चादर अंथरून बसलेल्या एका विक्रेत्याकडचं एक जुनं पुस्तक तिनं उचललं. पुढचं कव्हर गेलेलं, नाव नाही, लेखक नाही. पहिल्याच पानावर भागीरथा नावाची बाई बकरी विकायला बाजाराला निघत होती आणि पोरांना सांगत होती, दिवस बुडायच्या आत घरी येते. बाईला तेवढं पुरलं.

त्याच आठवड्यात बाईच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टरांनी प्रेमानंदला बाजूला घेऊन सांगितलं की थंडी निघणं कठीण आहे. बाजूला घेऊन सांगितलेलं सगळं बाईनं ऐकलं.

"प्रेमा, तोंड काहून पाडून राहिला गा?" रिक्षात ती म्हणाली. "आत्ताच तं पुस्तक घेतलं मी. अर्धवट टाकून मी कुठंच जात नाही."

पुस्तक जेमतेम बोटभर जाडीचं होतं. ते किती दिवस पुरणार, याचा हिशेब प्रेमानंदनं मनातल्या मनात केला.

पण बैठकीत मात्र बाईनं धमाल उडवून दिली. तिची पाळी मुद्दाम शेवटी ठेवायचे. ती उठायची, पदर सावरायची आणि सांगायची, "चालू तेच आहे. संपलं काहीच नाही." मग भागीरथेचा प्रवास पुढं सरकायचा. बकरीनं एका लग्नात नवरदेवाचा हार खाल्ला आणि वरात अडून बसली. एसटीच्या ड्रायव्हरनं दोघींना फुकट बसवून घेतलं आणि बस भलत्याच गावाला नेली. पोलिसांनी बकरीला मुद्देमाल म्हणून जमा केलं आणि तिनं ठाण्यातले कागद चावले. लोक पोट धरधरून हसायचे.

"बाई, विकली का नाही वं बकरी तिनं?" नंदिनी विचारायची.

"विकंल कशी? गिऱ्हाईक दिसलं का बकरी डोळे फिरवून पडते."

"मग बर्फी कधी?"

"तुम्हा लोकाइले माही बर्फी इतक्या लवकर मिळत नाही," बाई ठसक्यात म्हणायची, आणि प्रेमानंद मागच्या मागं डोळे पुसायचा.

थंडी निघाली. संत्र्यांचे ढीग रस्त्यावर आले आणि गेले. बाई मात्र गालात हसत, बोटानं ओळी सारत बसलेली. डॉक्टरांनी नवे रिपोर्ट दोनदा पाहिले. "गाठ आहे तिथंच आहे," ते म्हणाले. "काय खातात ते खाऊ द्या." त्या दिवशी प्रेमानंदनं घरी येऊन बायकोच्या, मायाच्या हातून लाटणं काढून घेतलं आणि स्वतः पोळ्या लाटल्या. एकही गोल झाली नाही. तिघांनी त्या हसत हसत खाल्ल्या.

आनंद ओसरला तसा त्याच्यातला मीटरवाला जागा झाला. बोटभर पुस्तक इतके महिने पुरतं कसं?

"बाई मनानंच सांगत असंल का?" त्यानं मायाला विचारलं.

"सांगू द्या ना मग. तुमचं काय जाऊन राहिलं?"

तरी त्याला राहवलं नाही. बाई आंघोळीला गेलेली पाहून त्यानं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. भागीरथा नदीकाठी आंब्याखाली नावेची वाट पाहत होती, बकरी पाणी पीत होती. मजकूर तिथंच संपत होता. खाली कोरी जागा, आणि मग मागचा पुठ्ठा. प्रेमानंदनं त्या कोऱ्या जागेत पेन्सिलनं बारीक फुली मारली.

रविवारी बाईनं सांगितलं की नाव आली, पण ती चालवणारी बाईमाणूस होती आणि तिलाच पाण्याचं भ्या वाटायचं. सगळे हसले. प्रेमानंद घरी आला आणि बूट न काढताच पुस्तकाकडे गेला.

त्याच्या फुलीपुढं पानं होती. बरीच होती. नाव, घाबरलेली नावाडीण, नदीच्या मधोमध बें बें करणारी बकरी. कागद तसाच पिवळा, शिलाई तशीच जुनी, एकही टाका नवा नव्हता. जाडी बोटभरच. पहिलं पान उघडून पाहिलं, तर पोरं दारात उभी होती तशीच होती. त्यानं नव्या शेवटच्या पानावर फुली मारली. पुढच्या आठवड्यात तीही मागं पडली.

अशक्य आकडा दिसला तर आधी मीटर तपासायचं, हे तो नोकरीत शिकला होता. म्हणून त्यानं डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर होता तोच निघाला. शेवटी त्यानं संघपालला गाठलं.

"काका, आपण चमत्कार मानत नाही," संघपाल हसत म्हणाला.

"मी कुठं मानून राहिलो? मी मोजून राहिलो."

संघपालचं हसू हळूहळू ओसरलं. मग तो म्हणाला, "नका मोजू काका. बाईले वाचू द्या." आणि बर्फीचा विषय त्यानं त्यानंतर कधी काढला नाही.

प्रेमानंदनंही फुल्या मारणं सोडलं. तपासण्यानंच हे थांबलं तर, अशी धास्ती त्याच्या मनात बसली होती. बाई जगत होती, हसत होती. त्याला मनापासून आनंद झाला होता, आणि इतक्या आनंदाची सवय नसल्यामुळे भीतीही वाटत होती.

मे महिना आला. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि कूलरच्या वाळ्याचा ओला वास घरभर पसरलेला असायचा. ऊन सोसेना म्हणून बाईच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं.

"आजपासून तू वाच," एका शनिवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली आणि खाटेवर आडवी झाली.

त्यानं खूण ठेवलेल्या पानापासून सुरुवात केली. आधी तो बातम्या वाचल्यासारखा वाचत होता. बाईनं दोनदा टोकलं, तेव्हा जरा सूर लागला. भागीरथा आता बाजाराच्या गावाबाहेर पोचली होती. दिवस अजून डोक्यावरच होता. बकरी रस्त्यात बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

त्यानं पान उलटलं.

पुढं पुठ्ठा होता.

त्यानं अंगठ्यानं कागद चाचपला. दोन पानं चिकटली असतील म्हणून नखानं कड उचकली. काही नव्हतं.

बाईचे डोळे मिटलेले होते. हात छातीवर. मनगटं इतकी बारीक झालेली त्याच्या आजवर लक्षात आली नव्हती.

"थांबला काहून?"

"पान चिकटलं होतं."

"मग वाच ना."

कूलर घुरघुरत होता. प्रेमानंदनं कोऱ्या पुठ्ठ्यावर नजर धरली आणि वाचायला लागला.

त्याला गोष्ट येत नव्हती. त्याला पंप येत होते. म्हणून रस्त्याकडेच्या एका विहिरीवरचा पंप बंद पडला. शेतकरी, विश्वनाथ त्याचं नाव, डोक्याला हात लावून बसला. भागीरथा म्हणाली, माझ्या भावानं मला सगळं शिकवलं आहे, सरक. तिनं पंप खोलला. आत बकरीची घंटा सापडली. पुढच्या वाक्यात प्रेमानंद शेतकऱ्याला चुकून धम्मदीप म्हणाला, पण बाईनं काही टोकलं नाही. ती हसत होती, खाट हलेपर्यंत हसत होती. मग पाणी आलं, मोसंबीची झाडं भिजली, बकरी उठली आणि उलट्या दिशेनं पळाली. तो सांगत राहिला. उन्हं भिंतीवरून उतरली. घसा कोरडा पडला, तरी तो सांगत राहिला.

बाईचं हसू हळूहळू मंद झालं. श्वास लांब झाला. थकलेल्या त्या चेहऱ्याकडे बघताना एक वाक्य त्याच्या जिभेवर आपसूक आलं. भागीरथेनं आता घरी पोचावं, दमली ती, असं काहीतरी.

त्यानं ते गिळलं. "बाकीचं उद्या," असं म्हणून पुस्तक मिटलं.

बाई झोपली होती. त्यानं नाकापुढं हात धरून पाहिला. श्वास चालू होता.

सकाळी त्यानं चहाआधी पुस्तक उघडलं.

पंप होता. घंटा होती. मोसंबीची झाडं होती. त्याच पिवळ्या कागदावर, त्याच जुन्या टाइपात सगळं छापलेलं होतं. एका ओळीत विश्वनाथ होता आणि पुढच्या ओळीत धम्मदीप. ती चूक पाहून प्रेमानंद मोठ्यानं हसला. त्याचे डोळे भरून आले. आता चिंता नव्हती. तो रोज सांगेल. पंप संपले तर टर्बाइन आहेत, ट्रान्सफॉर्मर आहेत, अख्खं कोराडी आहे.

मग त्याची नजर पानाच्या तळाशी गेली. बकरी पळाली, त्याच्याखाली आणखी एक ओळ होती.

'मग भागीरथा घरी पोचली.'

त्यानं ते तोंडातून काढलं नव्हतं.

खाटेवर बाई उठून बसली होती. केस विंचरून, बैठकीला जायचं पांढरं लुगडं नेसून ती तयार होती, आणि चेहरा कसा टवटवीत दिसत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि लहानपणी त्याचा अभ्यास घ्यायची तशी हसली.

"काल एक ओळ तू वाचलीच नाही गा, प्रेमा," ती म्हणाली. "तेवढी वाच, मंग निघू."