जोडीची फायरप्लेस

ऊर्मिला काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. पुण्यातली चांगली चाललेली आर्किटेक्टची प्रॅक्टिस गुंडाळून ती नवऱ्याच्या, सुमितच्या नोकरीपायी जर्मनीत बॉनला आली. भाड्याचं घर मात्र बघताक्षणी तिच्या मनात भरलं. कुण्या इंग्रज व्यापाऱ्याने ऱ्हाइनकाठी हौसेने बांधलेलं जुनं दगडी घर! हातभर जाडीच्या भिंती, खिडक्यांना दगडी चौकटी आणि दिवाणखान्याच्या लांब भिंतीत फायरप्लेसची जोडी. डावी खरी. उजवी नुसती शोभेची. मागे सलग दगड, वर धुराडंच नाही. टॉर्च मारून, ठोकून बघून तिनेच खात्री करून घेतली होती.

घर शोधून दिलं होतं वीणाने. सुमितच्या ऑफिसातली, मूळची नागपूरची. परक्या मुलखात ऊर्मिलाला लाभलेली एकुलती एक मैत्रीण.

जूनमधली दुपार होती. रस्त्यावर वर्ल्डकपचे झेंडे, पोरांचा कालवा. ऊर्मिला कपड्यांच्या घड्या घालत होती, तेवढ्यात उजव्या फायरप्लेसमधून सुमित बोलला.

"पुण्याला पाठवतो तिला. मग आपण दोघं इथेच राहू, वीणा."

वीणा हसली. तेच ते, नाकातल्या नाकात हसणं.

ऊर्मिलाने ऑफिसात फोन लावला. सुमित जागेवरच होता. "काय गं, काही हवंय का?"

"काही नाही." एकटं राहून राहून माणसाला काय काय ऐकू येतं, असं म्हणून तिने स्वतःलाच दटावलं.

संध्याकाळी जेवताना सुमित म्हणाला, "आई एकटी पडलीय. थोडे दिवस पुण्याला जाऊन येतेस का?"

ती ताटावरून उठली. हाताला धरून तिने त्याला उजव्या फायरप्लेसपाशी ओढत नेलं. आतून ओल्या चुन्याचा वास येत होता.

"अगं, काय वेडेपणा हा..."

दगड बोलू लागला. तोच आवाज, तेच वाक्य, तेच हसणं.

सुमित पांढराफटक पडला. "पण हे... हे मी अजून तिला बोललोच नाहीये!"

बोलला आणि त्याने जीभ चावली.

"केसाने गळा कापलास रे माझा," ऊर्मिला म्हणाली. "आणि तिनेही!"



आत वीणा विचारत होती, "आणि ऊर्मिला?"



मग सुमितचा आवाज आला, अगदी मायेने.

"हळू बोल. चुना ओलाच आहे. तिला अजून ऐकू जातं."