तीन मिनिटांची तपासणी

मी गणित शिकवते. हिमायतनगर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, पाचवी ते सातवीला. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातले आकडे तरी बरोबर आहेत, एवढी खात्री बाळगा.

डाव्या पायाला पोलिओ झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. नोकरी दिव्यांग कोट्यातून लागली, त्याला चौदा वर्षं झाली. यंदा आदेश निघाला की अशा सगळ्या शिक्षकांची नव्याने तपासणी होणार. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली आलं की कोटा गेला, आणि कोट्याबरोबर नोकरीही. शेजारच्या शाळेतले केरबा गुरुजी आधीच जाऊन आले होते. ते म्हणाले, "मॅडम, डॉक्टरनं हात बी लावला न्हाई मला. नुसतं बघून लिवलं. फोन चालू ठिवूनच जावा. उद्या भांडायचं म्हणलं तर पुरावा पायजे."

चोरून रेकॉर्ड करणं मला पटत नव्हतं. पण हातचा वर्ग जाणार हा विचार आठ दिवस सुटत नव्हता, म्हणून पटवून घेतलं.

तपासणी नांदेडला होती, एका शिबिरात. व्हरांड्यात कुबड्या, तीनचाकी सायकली, आईच्या कडेवर बसलेली मोठी मोठी लेकरं. नवरा धम्मदीप फाइल घेऊन बाहेर थांबला. दारात मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

आणि मग घोडचूक केली. आईने लहानपणापासून बजावलं होतं, साहेबासमोर लंगडायचं नाही, ताठ चालायचं, कुणाची कीव घ्यायची नाही. आमच्या वस्तीत हे पाढ्यांच्या आधी शिकवतात. इस्त्रीची साडी, डाव्या पायात जाड तळाचा बूट, आणि दारापासून खुर्चीपर्यंतची आठ पावलं मी अशी टाकली की शाळा तपासणीलाही कधी टाकली नसतील. चाळीस टक्के सिद्ध करायला गेलेली बाई शून्य टक्के दाखवत होती. सवय, दुसरं काय.

खोलीत डॉक्टर आणि मी, दोघंच. तपासायच्या टेबलावर फायलींचे गठ्ठे रचलेले, त्यावर मांजरही झोपू शकलं नसतं. डॉक्टरांनी मान वर केली. "चालता की छान," म्हणाले आणि लिहून मोकळे झाले.

मी बाहेर आले, रेकॉर्डिंग बंद केलं. धम्मदीपने घड्याळ बघितलं. "तीन मिनिटांत झालं?"

कागदावर छत्तीस टक्के होते.

परतीच्या एसटीत भोकर यायच्या आत आम्ही इअरफोनची एकेक बाजू कानात घालून ऐकायला बसलो. आधी दाराचा आवाज. मग माझी पावलं, डावं जरा जड. "चालता की छान." मग नुसता पंखा. मी बंद करणार तेवढ्यात एक बाई बोलली.

"टेबलावर पड गं माय. बूट काढ."

वयस्क आवाज होता, आमच्याच भागातला. रेग्झिन करकरलं. बूट फरशीवर ठेवला गेला. शिंपी टेप ओढतो तसा आवाज आला.

"उजवा एक्क्याऐंशी. डावा सत्त्याहत्तर. मांडी उजवी एक्केचाळीस, डावी बत्तीस." मग जरा थांबून, "घरी गुडघ्यावर हात ठिवून चालतीस न्हवं?"

"हो मावशी."

तो माझा आवाज होता.

धम्मदीपने कानातलं काढलं. "कोण होती गं ही?"

"कुणीच नव्हतं."

"अगं, तू बोलून राहिलीस की तिच्याशी."

मी घरी गुडघ्यावर हात ठेवून चालते, हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. मी रेकॉर्डिंगची लांबी बघितली. एकोणीस मिनिटं. दोनदा बघितली. बावीस प्रतिज्ञा पाळणारं घर आमचं, भूतखेत आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. पण खरं सांगते, चौथ्या मिनिटाला मी ते बंद केलं. स्वतःचा आवाज पुढे ऐकायचा धीर नव्हता.

घरी टेप काढून मोजलं. एक्क्याऐंशी, सत्त्याहत्तर, एक्केचाळीस, बत्तीस.

तेव्हा ठरवलं, पुरावा तो पुरावा. आकडे एक सांगतात, टक्के भलतेच लिहिलेत, एवढंच आपलं म्हणणं. मी अपील केलं आणि ते लातूरच्या वैद्यकीय मंडळापुढे आलं.

मंडळात तिघं होते. मधले डॉक्टर व्यंकटराव, केस पूर्ण पांढरे. मी फोन टेबलावर ठेवला आणि चार मिनिटं ऐकवली. बाईचा आवाज आला तसा त्यांनी चष्मा काढला.

"ही बाई कोण?"

"ठाऊक नाही सर."

त्यांनी मला टेबलावर झोपवलं आणि दुसऱ्या कुणाला न सांगता स्वतःच टेप घेतला. मापं घेताना ते आकडे मोठ्याने बोलले नाहीत. लिहिलेले मी बघितले. तेच होते.

उठून मी त्या खोलीत चालले, गुडघ्यावर हात ठेवून, घरी चालते तशी. तीन साहेबांसमोर. आईला वाईट वाटलं असतं, पण मला एवढं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बावन्न टक्के. कायमस्वरूपी. आता पुन्हा तपासणी नाही.

निघताना व्यंकटराव हळूच म्हणाले, "बाई, ते रेकॉर्डिंग पुसून टाका."

मी हो म्हणाले. स्टँडवर धम्मदीपने भजी घेतली आणि मी भजी खाता खाता रडले. तोही डोळे पुसायला लागला, वर म्हणतो, मिरची लई तिखट हाय.

प्रमाणपत्र हातात आलं ते दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या शेवटच्या दिवशी. पोरांना अभ्यास दिला, वर्गाला कुलूप लावलं, भर दुपारी घरी आले. प्रमाणपत्र कपाटात ठेवलं. कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

मग पुसून टाकायला म्हणून ती फाइल उघडली. पण पंधरा मिनिटं न तपासता टाकायची, हे गणिताच्या बाईला जमेना.

बराच वेळ नुसता पंखा होता.

सतराव्या मिनिटाला मावशी म्हणाली, "कागद तुझा करून देते माय. मग उजवा मी नेईन. चालंल न्हवं?"

"चालतंय की. न्या."

माझाच आवाज. शेजारणीला विळी द्यावी इतका सहज.

"कधी येऊ?"

"दिवाळीची सुट्टी लागली की या मावशी," मी म्हणत होते. "शाळा बुडायला नको."