सकाळचे कान

पडद्यावर आठ वक्ररेषा होत्या. पहिली जवळजवळ सपाट होती. पुढची प्रत्येक रेषा उजव्या टोकाला आधीच्या रेषेपेक्षा थोडी जास्त उचललेली होती.

"सॉल्ट फर्नेस बँडची पंचवीस वर्षं, एका अल्बमला एक रेषा," डॉ. केदार सबनीस म्हणाले. "चौऱ्याऐंशी साली अमेरिकेत, टोलेडो गावात पहिला अल्बम. दोन हजार नऊ साली आठवा आणि शेवटचा. समीक्षकांनी पहिल्याला उबदार म्हटलं, चौथ्याला काचेसारखा धारदार आणि आठव्याला संतप्त. एकाने तर या कलात्मक प्रवासावर जाडजूड पुस्तक लिहिलंय."

"आणि तुझं मत?" डॉ. मालविका दाबके यांनी विचारलं.

"प्रवास कसला! ध्वनिमिश्रण करणाऱ्याला वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे झाले, म्हणून तो ते वाढवत गेला. आमचे आजोबा टीव्हीचा आवाज वाढवायचे, तसं."

मालविका हसल्या, पण त्यांची नजर रेषांवरून हलली नाही. पुण्याच्या या अंतर्कर्ण संस्थेत त्या सहा वर्षं केशपेशी पुन्हा उगवण्याचं काम करत होत्या. कानाच्या आतल्या या सूक्ष्म पेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि एरवी परत येत नाहीत. आता त्या उगवता येत होत्या. मात्र नव्या पेशी कोऱ्या असत. कोणत्या स्वराला किती जोराने दाद द्यायची, हे त्यांना पहिल्या सहा आठवड्यांत शिकवावं लागे. त्यानंतर मेंदू ती घडी कायमची पक्की करत असे. या शिकवण्याला संस्थेत कर्णमेळ म्हणत. तो एकदाच करता येई.

शिकवायला नमुना हवा. त्यांचा आताचा रुग्ण, याच बँडचा गिटारवादक डेल हॅगर्टी, एकोणऐंशी वर्षांचा होता आणि त्याने पंचावन्नाव्या वर्षापर्यंत कान कधी तपासलेच नव्हते. त्याची मागणी मात्र एकच होती : पहिला अल्बम एकविसाव्या वर्षी जसा ऐकू आला होता, तसा पुन्हा ऐकायचा.

त्यावर केदारनी तोडगा काढला होता. आठही अल्बमांचं मिश्रण डेलने केलं होतं, तसं प्रत्येक वेष्टनावर छापलेलं होतं. मिश्रण करणारा माणूस त्याच्या कानाला बरोबर वाटेल तिथे थांबतो. म्हणजे मिश्रणात जे जास्त, ते त्याच्या कानात कमी. वाद्यांची सुटी मुद्रणं घेऊन हिशेब उलटा केला, की त्या वर्षीचा कान मिळतो. केदारनी याला नाव दिलं होतं व्यस्त श्रवणगणित.

"ताळा केलास?" मालविकांनी विचारलं.

"तिथेच अडलंय. आठ रेषा पुढे वाढवल्या, की डेलचा आजचा श्रवणआलेख यायला हवा. येत नाही. त्याचा उजवा कान जास्त गेलाय. पंचवीस वर्षं त्याचा ध्वनिवर्धक उजवीकडे होता, त्यामुळे ते बरोबरच आहे. पण गणित म्हणतंय, डावा गेला."

"डावं-उजवं उलट जोडलं असशील."

"दोनदा तपासलं. उलटून पाहिलं तरी जुळत नाही. ऐकू न येण्याचा खड्डा गणितात सेकंदाला चार हजार कंपनांवर आहे, डेलचा त्याच्या बराच खाली."

मालविका म्हणाल्या, "सकाळी कँटीनमध्ये मी लूला डावीकडून विचारलं, साखर किती? तो खिडकीबाहेर बघत राहिला. उजवीकडे जाऊन विचारलं, तर लगेच म्हणाला, तीन चमचे."

लू नोवॅक हा बँडचा ड्रमवादक. डेलला सोबत म्हणून आला होता.

केदारनी मान वर केली. ड्रमवादकाच्या डाव्या हाताशी पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी असते. ती त्याच्या डाव्या कानापासून जेमतेम दोन हात दूर, वर्षानुवर्षं वाजत असते.

दुपारी लूची तपासणी झाली. त्याचा आलेख आणि वाढवलेली रेषा यांत दोन डेसिबलांचाही फरक नव्हता.

मालविकांनी डेल आणि लू दोघांना समोर बसवून आलेख दाखवले. डेलच्या डोळ्यांवर अक्षरचष्मा होता. समोरच्याचं बोलणं त्याच्या काचांवर अक्षरांत उमटे.

"मिस्टर हॅगर्टी, या अल्बमांतला कान तुमचा नाही. या नमुन्यावर मेळ केला असता, तर तुम्हाला जन्मभर दुसऱ्याचा कान मिळाला असता."

डेलने वाचलं. मग सावकाश लूकडे वळला. "लू?"

लू गुडघ्यावर बोटांनी ताल धरून बसला होता. "आपला नियम आठवतो? मिश्रण झालं, की त्या दिवशी शिक्का मारायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ताज्या कानांनी ऐकायचं."

"नियम माझाच होता."

"आणि स्टुडिओची किल्ली माझ्याकडे होती. कॉफी ठेवायला मी तासभर आधी यायचो. कॉफी व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात जरा बटणं नीट करायचो."

"आठही वेळा?"

"तू सकाळी ऐकून म्हणायचास, बघा, कान निवले की कसं झकास ऐकू येतं! त्यावर काय बोलणार?"

"सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं, तर बँड दुसऱ्याच अल्बमला फुटला असता. वाद घालायला लागलास की तू तीन आठवडे थांबत नाहीस."

डेलने अक्षरचष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याला कुणाचंच ऐकायचं नव्हतं. पंचवीस वर्षं तो बँडचा कान म्हणून ओळखला जात होता. मग त्याने चष्मा परत चढवला.

"आता माझ्यासाठी काय उरलं, डॉक्टर?"

"दोन पर्याय," मालविका म्हणाल्या. "तुमच्या तरुणपणच्या कानाची नोंद कुठेच नाही. सरासरी माणसाचा कान देता येईल, बोलणं उत्तम कळेल. किंवा लू यांचा पहिल्या अल्बमच्या वेळचा कान. तो आमच्याकडे अगदी अचूक आहे. मात्र एकदा बसवला की बदलता येणार नाही."

डेल हसला. "मला परत ऐकायची होती ती पहिल्या अल्बमची सकाळच. आणि ती यानेच केली होती. याचा बसवा."

सातव्या आठवड्यात संस्थेच्या श्रवणकक्षात पहिला अल्बम लागला. डेलने डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला.

"सगळं जिथल्या तिथे आहे," तो म्हणाला. "तेव्हासुद्धा इतकं नीट ऐकू आलं नव्हतं."

मग आठवा लावला. चाळीस सेकंदांत त्याने हात वर केला. "बंद करा! हे आपण लोकांना ऐकवलं?"

"काय झालं?" लूने विचारलं. "मला तर छान वाटतंय."

केदारना खोकल्याची उबळ आली. ते खोलीबाहेर गेले आणि बाहेरून हसण्याचा आवाज आला.

सुटी मुद्रणं संस्थेत होतीच. डेलने मुक्काम वाढवला आणि अकरा सकाळी बसून आठव्या अल्बमचं मिश्रण नव्याने केलं. सगळा संताप निघून गेला. खाली चांगली, भरदार गाणी होती. बाराव्या दिवशी प्रकाशकांकडून नव्या आवृत्तीच्या वेष्टनाचा मजकूर तपासायला आला. "मिश्रण : डेल हॅगर्टी." डेलने नाव खोडलं आणि वर लिहिलं, "लू नोवॅक."

लूने कागद नाकाजवळ धरला. "हे काय? या वेळी तर मी एकाही बटणाला हात लावला नाही!"

"बटणं मी फिरवली. कान कुणाचा होता?"

"काय म्हणालास?" लूने उजवा कान पुढे केला.

डेलने खिशातून अक्षरचष्मा काढला. त्याला आता त्याची गरज नव्हती. तो त्याने लूच्या नाकावर नीट बसवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

लूने काचांवरची अक्षरं वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग खुर्चीत आरामात मागे रेलून बसला.

"असं असेल," तो म्हणाला, "तर उद्यापासून कॉफीही तूच ठेव."