कॉलिन डॉड्सचा पहारा

एक ओंडका टाक रे शेकोटीत, आणि दार नीट लावून घे. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं. मेजर फेनविक तुम्हाला दिसतात ते चर्चबाहेरच्या स्मारकापाशी, कोटावर पदक, मान ताठ. हे त्यांच्याच बाबतीत घडलंय. त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना आम्ही दोघंही प्यालेलो नव्हतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. अकरा नोव्हेंबर, लढाईत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, मंगळवार. संध्याकाळचे पाच वाजले होते, पण आपल्या एल्सरिग गावच्या रस्त्यावर पार मिट्ट काळोख पडलेला. सकाळीच स्मारकावर फुलं वाहून झाली होती. पाद्रीबाबांची बायको फिलिपा, तिनं मेजरांच्या हातात मटणाच्या रश्शाचं झाकलेलं भांडं दिलं.

"ऑड्री डॉड्स आज आल्या नाहीत. गुडघा धरलाय म्हणे. तुमच्या वाटेवरच आहे घर, एवढं पोचवा."

"माझ्या वाटेवर नाहीये ते," मेजर म्हणाले.

"मग वाट वाकडी करा थोडी. गाडीच तर आहे."

मेजर गाडीत बसले. आता त्या घरी ते तोवर का गेले नव्हते, ते सांगतो.

ब्याऐंशी सालच्या फॉकलंड बेटांच्या लढाईत मेजर नुकतेच अधिकारी झाले होते. एका टेकडीवर, भर गोळीबारात, त्यांनी तीन जखमी एकामागून एक पाठीवर घालून खाली आणले. पदक मिळालं ते त्याचं. पण त्याच रात्री टेकडीच्या डाव्या कडेला त्यांनी आपल्याच गावच्या एका पोराला पहाऱ्यावर बसवलं होतं. ऑड्रीबाईंचा कॉलिन. एकोणीस वर्षांचा. "मी सांगेपर्यंत जागचा हलू नकोस," असं बजावलं होतं. मग तोफा सुटल्या, जखमी पडले, पुढे सरकायचा हुकूम आला. कॉलिनला सांगायला परत कुणी गेलंच नाही. सकाळी सापडला तो. बसलेलाच, थंडीनं गारठून गेलेला.

त्यानंतर मेजरांच्या आत काही हललं नाही. राजवाड्यात छातीवर पदक लागलं तेव्हा नाही. बायको मॅरियन गेली, तिच्या पेटीवर माती टाकली, तेव्हाही ते घरी दूध आहे का याचा विचार करत होते. लोक म्हणायचे, काय धीराचा माणूस! धीर कसला... बधिर झाले होते.

खाणकामगारांच्या जुन्या घरांच्या रांगेत शेवटचं दार. ऑड्रीबाईंनी उघडलं. पंच्याऐंशीच्या, काठी टेकत.

"अगंबाई, मेजरसाहेब! उंबरा ओलांडायला सवड झाली म्हणायची."

"फिलिपानं रस्सा दिलाय."

"तिचा रस्सा म्हणजे पाणी. ठेवा तिकडे. बसा, चहा टाकलाय."

मेजर बसले, जिन्याकडे पाठ करून. ऑड्रीबाईंनी टेबलावर तीन कप मांडले.

"कुणी यायचंय का?" मेजरांनी विचारलं.

"आलाय. वर आहे. अंग गरम होत नाही त्याचं, म्हणून पांघरूण घेऊन पडतो जरा. दरवर्षी आजच्या दिवशी येतो, उजाडायच्या आत जातो."

मेजरांना वाटलं, बाई भ्रमल्या. दोन शब्द बोलावे, उठावं.

वर फळी करकरली.

"कॉलिन," बाईंनी हाक मारली, अगदी रोज जेवायला बोलवावं तशी. "खाली ये रे. तुझे साहेब आलेत."

पावलं जिन्यावर आली. जड. एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर थांबली.

चहाची वाफ आडवी झाली... मग दिसेनाशी झाली. चहा निवला होता.

मेजर वळले नाहीत. वळावंसं वाटलं नाही. भीतीही वाटली नाही, म्हणाले. मानेवर फक्त गार हवा येत होती. मागे कुणीतरी श्वास घेत होतं. अडखळत.

"साहेब..."

तोच आवाज. एकोणीस वर्षांचा.

"साहेब, आता हलू का?"

मेजर खुर्चीतच ताठ बसले.

"हल, डॉड्स. पहारा संपला तुझा. जा."



मग मागे काहीच नव्हतं. श्वास नाही. गारवाही नाही. खोली नुसती खोली झाली.

ऑड्रीबाई जिन्याकडे बघत होत्या. मग मेजरांकडे.

"काय केलंत हे?" हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"त्यानं विचारलं मला."

"मलाही विचारायचा. दरवर्षी. मी म्हणायचे, साहेबांना विचार, बाळा. मला ठाऊक होतं, तुम्ही काही इकडे येत नाही." त्यांनी तिसरा कप उचलला, मोरीत ओतला. "वर्षातली एक रात्र होती माझी. तीही घेतलीत."

मेजर उठले. टोपी घेतली. बाई दारापर्यंत आल्या नाहीत. गाडी चालवत घरी आले, दिवा मालवला, झोपले. झोपही लागली. तेच त्यांना सगळ्यात वाईट वाटतं... म्हणजे वाटायला हवं, असं म्हणाले.

ऑड्रीबाई पुढे नाताळच्या आधीच गेल्या. झोपेत.

पण त्या रात्रीनंतरची, बारा तारखेची सकाळ. मेजरांनी दूध घ्यायला पुढचं दार उघडलं. पायरीवर लष्करी बुटांचा जोड होता. फॉकलंडच्या वेळच्या धाटणीचा, तसा आता कुठे मिळत नाही. नाड्या सोडलेल्या. टाचा भिंतीला लावून नीट ठेवलेला, घरी आलेला माणूस ठेवतो तसा. पाण्यानं निथळत होता. आणि बागेतल्या दवावर एकही पाऊल नव्हतं.

मेजरांनी तो आत नेऊन शेगडीशेजारी ठेवला. शेगडी रात्रंदिवस पेटलेली असते. वर्ष होत आलं.

परवा मी हात लावून पाहिला.

अजून ओला आहे.