आजीच्या मशीनचा ताल

कोटाचं अस्तर फाटलं नसतं, तर ती त्या गल्लीत फिरकलीही नसती. बाहेर रिमझिम चालली होती. दुकानात जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, आणि मशीनवर वाकलेला तरुण टेलर मान वर न करता म्हणाला, "दोन मिनिटं हं. एवढी बाही संपवू दे."

कोपऱ्यातल्या रेडिओवर जाहिरात लागली. एका गाजलेल्या रॉक गाण्याला चाळीस वर्षं झाली, त्याची घरी केलेली पहिली टेप रविवारी सकाळी ऐकवणार होते. पाठोपाठ गाण्याची ओळ आली... ‘कुणाच्या मापाचा, सांग, हा सदरा...’ आवाज अगदी धुतल्यासारखा स्वच्छ. आता आपलं कौतुक आपणच केलं तर बिघडलं कुठं?

"हे मी साफ केलंय," ती म्हणाली. "टेपवर मागे नुसती खडखड होती."

मशीन थांबलं. त्याचे डोळे हसरे होते, पण त्या घडीला ते अजिबात हसत नव्हते.

"म्हणजे माझ्या आजीला तुम्ही घालवलंत."

"अं?"

"ती खडखड म्हणजे आजीचं मशीन. आणि गाणारे माझे बाबा."

रेडिओ केंद्रात तिला सगळे ‘चाळणी’ म्हणत, कारण तिच्या हातून बारीकसा खरखराटही निसटत नसे. त्या नावाचा तिला अभिमान होता. आज पहिल्यांदाच तिला ते टोचलं.

"मला वाटलं, टेप करणाऱ्या यंत्राचं चाक खराब असेल..." ती पुटपुटली. "आणि हे तर प्रेमाचं गाणं ना? कॉलेजात एकानं नकार दिला, तेव्हा मी हे ऐकून आठवडाभर रडले होते."

"एवढं चांगलं गाणं त्याच्यावर वाया घालवलंत होय?" तो म्हणाला आणि त्याला हसू आलं. मग त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि सगळं सांगितलं.

आजी सैन्याचे सदरे शिवायची, घरी बसून. मापं तीन. त्यातलं मधलं माप तिनं थोरल्या मुलाच्या जुन्या सदऱ्यावरून कापलेलं. थोरला स्वतः युद्धावर गेला, आणि एका सकाळी तो कामी आल्याची तार आली. तेरा दिवसांनी आजी पुन्हा मशीनवर बसली. उरलेले सदरे सगळे मधल्या मापाचे होते. धाकटा, म्हणजे याचे बाबा, तेव्हा वीस वर्षांचा. त्यानं गाणं लिहिलं, दोन मित्र आणि गिटार घेऊन त्याच खोलीत टेप करायला बसला. आई, जरा थांबव ना, म्हणाला. ती काही थांबली नाही. मग या पोरांनी तिच्या मशीनचाच ताल धरला. पुढे स्टुडिओत ढोलबिल घालून तेच गाणं पुन्हा म्हटलं गेलं, गाजलं, आणि लोकांनी ते प्रेमाचं करून टाकलं.

"त्या मापाचे सदरे घालून किती पोरं गेली असतील, हे विचारणारं गाणं आहे ते," तो म्हणाला. "बाबांचा एक कान गेलाय. दुसराही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना ते मशीन एकदा नीट ऐकायचं होतं. म्हणून तर टेप दिली तुमच्याकडे."

पण ते मशीन आता कुठंच उरलं नव्हतं. टेप इतकी जुनी होती, की एकदा वाजवली तेवढ्यात तिच्यावरचा थर सुटून आला होता. आणि साफ प्रत पसंत पडली की टेपवरून उतरवलेली मूळ नक्कल पुसायची, हा केंद्राचा नियम. नियम तिनं इमानेइतबारे पाळला होता.

"टेलरमास्टर," ती एकदम म्हणाली, "उद्या दुपारी केंद्रावर याल?"

तिची एक सवय होती. गाळून काढलेला आवाज ती वेगळा ठेवायची, त्याच्याबरोबर चुकून गाण्याचा तुकडा तर निघून गेला नाही ना, हे बघायला. साफ गाण्यात हा कचरा जसाच्या तसा परत मिसळला, की मूळ गाणं उभं राहणार. पण गाणं तिनं अकरा तुकड्यांत साफ केलं होतं, आणि कचऱ्याच्या त्या ढिगात इतर कार्यक्रमांतून गाळलेलेही शेकडो तुकडे होते. एकावरही नाव नाही, नुसते आकडे.

मग सलग तीन दुपारी दोघं एकाच टेबलाशी कचरा ऐकत बसले. एकाच यंत्राला जोडलेले दोन हेडफोन, खांद्याला खांदा लागेल न लागेल असं अंतर.

"हा पंखा," ती सांगायची. "हा कुणाचा तरी खोकला."

"मोठ्या माणसाचा दिसतोय. खोकतानाही भाषण केल्यासारखं खोकतोय."

ती हसायची, मग पुन्हा तुकडा पहिल्यापासून लावावा लागायचा. तो मुद्दाम हसवतो, हे तिच्या दुसऱ्याच दुपारी लक्षात आलं. तिनं तक्रार काही केली नाही.

आणि मशीन लागलं की तो डोळे मिटायचा. "थांबा... लांब, सरळ टीप. ही बाजूची शिवण." पुढच्याला म्हणायचा, "अडत अडत चाललंय, वळण घेतंय. कॉलर." सदरा ज्या क्रमानं शिवतात, त्या क्रमानं त्यानं तुकडे लावून दिले. तिला नुसती खडखड ऐकू येत होती, त्याला आजीचे हात दिसत होते. त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघताना तिला वाटलं, आपण आजवर ऐकलं बरंच, पण असं कधी ऐकलं नाही.

अकरावा तुकडा शनिवारी सापडला. त्याच्या शेवटी, गाणं संपल्यावरचं काहीतरी तिनं कापून टाकलेलं होतं. आवाज वाढवला. मशीन थांबल्याचा आवाज. मग बाईचा दमलेला स्वर, "नीट म्हटलंस रे. दादाला आवडलं असतं."

 तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्यानं तो राहू दिला.

संध्याकाळी बाबा आले. पांढरे केस मागे बांधलेले, चांगला कान हेडफोनवर दाबलेला. मशीन सुरू झालं तशी त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. शेवटचं वाक्य आलं आणि बोटं थांबली.

"पुन्हा लाव, पोरी."

तिनं चार वेळा लावलं.

"मला वाटायचं, आईला राग आला होता," ते शेवटी म्हणाले. "दादाचं दुःख मी चारचौघांत मांडलं म्हणून. नंतर ती त्या गाण्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. आणि मी तेव्हा गिटार उचलून मित्रांबरोबर बाहेर पळालो असणार. ऐकलंच नाही मी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझे उपकार कसे फेडू?"

"पण मीच तर ते कापलं होतं, काका."

"कापलंस म्हणून तर तो आवाज वाढवून ऐकलास. नाहीतर गाणं संपल्यावर कोण ऐकत बसतं?"

ते पुढे जिना उतरले. तो दारात घुटमळला. तिचा कोट त्यानं शिवून आणला होता. तो देऊन झाला, अस्तराला घडी पडू देऊ नका हे सांगून झालं, तरी पाय काही निघेनात.

"मग... काम झालं म्हणायचं," तो म्हणाला.

"मी चूक केली नसती, तर तुम्ही इथं आलाच नसता," ती म्हणाली. "तीन दिवस मी त्या चुकीचे आभार मानतेय."

"मी पण. म्हणजे... बाबांसाठी."

"फक्त बाबांसाठी?"

एरवी तोंडाला टाळं नसलेला माणूस, पण आता कानापर्यंत लाल झाला. तिला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त माया. तीच पुढे झाली.

"मास्टर, मला तुम्ही आवडता. कचऱ्याचं काम संपलंय, तरी उद्या या. कार्यक्रम आपण शेजारी बसून ऐकू, आजीच्या मशीनसकट."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. खाली बाबा जिन्याच्या तोंडाशी कुणाला तरी मोठमोठ्यानं सांगत होते की माझ्या आईला गाणं आवडलं होतं.

"रविवारी दुकान सकाळी उघडावं लागतं," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं ताटकळतात."

"अच्छा..."

"ताटकळू देत. मी आठला येतो."

"कार्यक्रम दहाला आहे."

"माहीत आहे मला."