घर तुमचंच समजा

ही गोष्ट खोटी ठरली तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल. पण ती खोटी नाही.

जिच्या घरात हे घडलं ती भावना माझी मामेबहीण. मला सांगताना तिच्या हातातला चहा गार होऊन गेला, तरी तिला पत्ता नव्हता.

आणि भूत म्हटलं की लगेच अमावास्या, मध्यरात्र असलं काही शोधू नका. या गोष्टीत रात्र नाहीच.

जे झालं ते भरदुपारी झालं.

इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकच्या पुढे एक छोटं गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण भावना अजून तिथेच राहते. गाव म्हणजे तरी काय, पाण्याचे पंप बनवणारा एक जुना कारखाना आणि कामगारांसाठी कधीकाळी बांधलेल्या विटांच्या घरांच्या रांगा. रोज, अगदी रविवारीसुद्धा, दुपारी दोनला पाळी बदलते तेव्हा भोंगा होतो. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे, पण तो भोंगा बंद करायचं काही कोणाच्या मनात येत नाही.

भावनाच्या नवऱ्याला, प्रबुद्धला, त्या कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली. तोपर्यंत दोघं रीडिंगला भाड्याने राहायची. घरमालकाला घर विकायची हुक्की आली की यांचं बिऱ्हाड पाठीवर. भावनाला त्याचा वीट आला होता. पण खरं सांगू का, तिला घर स्वतःसाठी नकोच होतं.

तिला ते आईसाठी हवं होतं.

आई म्हणजे माझी कांतामामी. काशीनाथमामा मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, सगळा संसार क्वार्टरमध्ये झाला. मामा गेले, क्वार्टर सुटलं. मग दोन मुलांकडे आळीपाळीने, हातात पिशवी घेऊन. एका सुनेला मामीचा खोकला नको, दुसरीला तिचं पहाटे उठणं नको. शेवटी मामीने मनमाडलाच एक खोली घेतली आणि एकटी राहायला लागली. भावना दर फोनला तेच सांगायची, आई, माझं घर होऊ दे, ते तुझंच असेल.

तर मार्चमधला शनिवार. ऊन पडलेलं. दोघं ते घर बघायला गेली.

एजंट फोनवर बोलायला बाहेर रस्त्यावर गेला. प्रबुद्ध वरच्या मजल्यावर भिंती ठोकून ओल बघत होता. भावना एकटीच स्वयंपाकघरात शिरली...

मागच्या खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती. खुर्चीत एक म्हातारी बाई बसली होती. निळा एप्रन, हात मांडीवर.

भावनाला वाटलं, घराची मालकीण. बिचारीवर या वयात घर विकायची वेळ आली. तिला आपली आई आठवली. ती खुर्चीपाशी खाली बसली आणि इंग्रजीत तेच बोलली, जे आपण सगळेच बोलतो.

"वाईट वाटून घेऊ नका, आजी. घर तुमचंच समजा. कधीही या, चहा तयार असेल."

आपण हे कोणालाही म्हणतो हो. लग्नात भेटलेल्याला म्हणतो, ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्याला म्हणतो. कोणी येत नाही, आणि आपणही वाट बघत बसत नाही. इंग्रज माणसाला मात्र 'या एकदा घरी' म्हणा, तो तिथल्या तिथे विचारतो, कधी येऊ?

त्या बाईने भावनाकडे बराच वेळ पाहिलं.

"माझी खुर्ची इथेच राहील ना?"

"राहील की," भावना म्हणाली.

तेवढ्यात भोंगा झाला. इतका मोठा की भावनाने दचकून खिडकीबाहेर पाहिलं. वळली तर...

खुर्ची रिकामी.

गेली असेल मागच्या बागेत, असं म्हणून भावनाने विषय सोडला. मागच्या दाराला आतून कडी होती, हे तिला फार उशिरा आठवलं.

घर झालं. चाव्या मिळाल्या. आधीच्या लोकांनी सगळं सामान नेलं होतं, अगदी बल्बसुद्धा. राहिली होती ती खुर्ची. प्रबुद्ध म्हणाला, टाकून येऊ. भावना म्हणाली, असू दे. रीडिंगची, ब्रॅकनेलची आम्ही सगळी जमलो, बुद्धवंदना घेतली, खीर खाल्ली. घर छान उजळलं होतं. आपलं म्हणून घर मिळालं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला त्या दिवशी भावनाकडे बघून कळलं.

पुढच्या आठवड्यात शेजारची मॉरीन केक घेऊन आली. बोलता बोलता भावनाने विचारलं, त्या आजी आता कुठे असतात?

मॉरीनला कळेचना. कोण आजी?

निळा एप्रन म्हटल्यावर तिने हातातला कप खाली ठेवला. ती एडिथ. जन्मभर पंपाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दोनचा भोंगा झाला की मागच्या फाटकाने घरी यायची, चहा करायची आणि त्या खिडकीशी बसायची. म्हातारपणी मुलाने वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. तिथे रोज कोट घालून दाराशी उभी राहायची, मला घरी सोडा म्हणायची. तिथेच गेली.

केव्हा, असं भावनाने विचारलं.

घर विकायला काढलं त्याच्या कितीतरी आधी.

भावनाने हे प्रबुद्धला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? आमच्या घरात भूत, देवऋषी असला शब्द काढला तर काशीनाथमामा ताटावरून उठायचे. प्रबुद्ध त्यांचाच जावई शोभेल असा. भावना स्वतःही असल्या गोष्टींना हसणारी बाई.

पण ती घरून काम करायची. दुपारी घरात एकटी असायची.

भोंगा व्हायचा. मग थोडी शांतता...

मागच्या फाटकाची कडी. खट्.

मग पावलं.

मग खुर्ची करकरायची. एकदाच.

आणि मग काहीच नाही. ते काहीच नसणं सगळ्यात वाईट, असं भावना म्हणते. कोणीतरी बसलंय आणि बोलत नाहीये, हे पाठीला कळतं.

एके दिवशी तिने चहाचा कप नेऊन खिडकीत ठेवला. कबूल केलं होतं ना. चहा कोणी प्यायलं नाही. फक्त संध्याकाळी उचलायला गेली तेव्हा कपाचा कान...

खुर्चीकडे वळलेला होता.

तुम्ही म्हणाल, पळून का नाही गेली? अहो, कुठे जाणार? केवढ्या खटपटीने उभं केलेलं घर. आणि त्रास तर काही नव्हता. सवय कशाचीही होते. भावना रोज दुपारी एक कप जास्त करायला लागली.

जुलैमध्ये कांतामामी आली.

तिला मिळाला सहा महिन्यांचाच व्हिसा, पण भावनाने जन्मभराची तयारी केली होती. आईला वेगळी खोली, वेगळी रजई, बाबासाहेबांचा फोटो तिला पलंगावरून दिसेल असा लावलेला. मामी घरभर फिरली, भिंतींवरून हात फिरवला. मग स्वयंपाकघरात आली आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली.

भावना काही बोलणार, तेवढ्यात भोंगा झाला. मामीचा चेहरा खुलला. अगदी तुझ्या बाबांच्या वर्कशॉपसारखा गं, म्हणाली.

फाटकाची कडी वाजली. खट्.

पावलं दारापर्यंत आली... आणि तिथेच थांबली.

"कोण आलं गं?" मामीने विचारलं.

"वारा आहे, आई."

मामीने पदर घट्ट लपेटून घेतला. जुलैच्या उन्हात.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मामी चपला दाराच्या आत काढून ठेवायची, भिंतीकडे तोंड करून. दुपारनंतर त्या बाहेर तोंड करून दिसायच्या. नीट, जोडीने, रस्त्याकडे. जणू कोणी पाहुण्याला निघायची आठवण देतंय.

मग तिची पिशवी. माळ्यावर ठेवलेली, ती दाराशी.

मग एके दुपारी तिची रजई. घडी घालून, पिशवीवर.

प्रबुद्धला वाटायचं सासूबाई विसरायला लागल्या. मामीला वाटायचं मुलगी घाईघाईत इकडचं तिकडे करते. खरं काय ते एकट्या भावनाला माहीत होतं. तिने एकाच घराचा शब्द दोन म्हाताऱ्यांना दिला होता. आईला मनापासून, आणि त्या परक्या बाईला नुसता बोलायचा म्हणून.

आणि या घराचा शब्द आधी मिळाला होता त्या बाईला.

मामीचा खोकला वाढला. जेवण तुटलं. तरी रोज ती त्याच खुर्चीत बसायची, ऊन तिथेच यायचं ना. ऑगस्टमध्ये एका दुपारी भोंगा झाला, कडी वाजली, आणि भावनाने जिन्यावरून पाहिलं...

आई खुर्चीत बसायला वाकली. खुर्ची मागे सरकली. हळूच. कोणी ओढून घ्यावी तशी.

मामी जमिनीवर पडली. मनगट मोडलं.

हॉस्पिटलमधून आल्यावर भावनाच्या डोक्यात तिडीक गेली. ती खुर्चीसमोर उभी राहिली आणि ओरडली. चालती हो, म्हणाली. हे माझ्या आईचं घर आहे. बोलता बोलता रडायला लागली. मामी मागे दारात प्लास्टर घातलेला हात धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं, मग सगळं विचारून घेतलं. भावनाला वाटलं, आई आता हसेल किंवा घाबरेल.

मामीने दोन्हीतलं काही केलं नाही. ती खुर्चीकडे बघत राहिली.

"मुलाने बाहेर काढलं होय तिला," ती म्हणाली. "मग ती कशाला उठेल, भावना? मी तरी उठले असते का?"

मामीने परतीची तारीख अलीकडे आणायला लावली. भावनाने हातापाया पडून सांगून पाहिलं, घर विकू म्हणाली, भाड्याने जाऊ म्हणाली. मामी ऐकेना. माझ्यापायी तुझं घर मोडायचं नाही, एवढंच म्हणायची.

निघायच्या दिवशी प्रबुद्धने गाडीत सामान ठेवलं. दुपारची वेळ. भोंगा होऊन गेलेला, कडी वाजून गेलेली. मामी दारापर्यंत गेली आणि परत आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने रिकाम्या खुर्चीला प्लास्टरसकट हात जोडले. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. ती आपल्या भाषेतच बोलली.

"निघते हं बाई. राग नका धरू. तुम्ही पण या एकदा आमच्याकडे. एकटीच असते मी."

भावनाच्या हातातून गाडीची किल्ली पडली.

पण बोललेलं परत कसं घेणार?

मामी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन वाजले. भोंगा झाला. भावना जिन्यावर बसून वाट बघत होती.

कडी वाजली नाही.

पावलं नाहीत. खुर्ची करकरली नाही. कपाचा कान जिथल्या तिथे. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. घर आता खरंच तिचं झालं होतं, आणि तिला त्या घरात श्वास घेता येईना.

रविवारी तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दिवेलागणीची वेळ. मामी पलंगावर बसली होती, गळ्यात अडकवलेला हात. मागे एक प्लास्टिकची खुर्ची आणि बंद दार. मामी बरी दिसत होती. खोकला गेला म्हणाली, जेवण जातंय म्हणाली. भावनाच्या जिवात जीव आला.

मग इकडे भोंगा झाला.

आणि फोनमधून, मनमाडच्या त्या खोलीतून आवाज आला.

खट्.

मामीने दाराकडे वळून पाहिलं. घाबरली नाही. शेजारीण आल्यावर हसतात तशी हसली.

"चल, ठेवते गं," ती म्हणाली. "चहा टाकायचाय."

भावना ओरडत राहिली, आई, दार उघडू नको. फोन तोवर बंद झाला होता.

याला आता काही महिने झाले. मामी ठणठणीत आहे. भावना रोज फोन करते, आमच्याकडे ये म्हणते, मुलांकडे जा म्हणते. मामी म्हणते, मला इथे सोबत आहे. परवा मी स्वतः फोन केला. मामीच्या मागे ती प्लास्टिकची खुर्ची दिसत होती, रिकामी. विचारायची माझी हिंमतच झाली नाही.

फक्त एक गोष्ट मी पाहिली आणि भावनाला अजून सांगितलेली नाही.

दाराजवळ मामीच्या चपला होत्या. नीट, जोडीने ठेवलेल्या.

तोंड बाहेर...