पेढ्यांच्या यादीतलं नाव

मिरजेजवळच्या बीजसंशोधन प्रयोगशाळेत गेल्या दहा महिन्यांत, नोंदवहीप्रमाणे, एकही माणूस आजारी पडला नव्हता. आरोग्यसंघाचे सभासद चारशे बारा आणि आजारपणाच्या रजा शून्य. संचालकांनी याचं श्रेय गाळलेल्या हवेला दिलं, उपाहारगृहवाल्याने आपल्या भाकरीला, आणि आस्थापना अधिकारी शांतिनाथ मगदूम याने, मनातल्या मनात, स्वतःला. रोग रोखणारे कण टोचून सगळ्यांना संघात त्यानेच तर नोंदवलं होतं! लहानपणापासून दम्याने बेजार असलेल्या या गृहस्थाचा औषधाचा पंप दहा महिने टेबलाच्या खणात धूळ खात पडला होता. आता बढतीचं पत्र तेवढं यायचं बाकी होतं.

आलं ते दुसरंच पत्र. संघाच्या तपासणी विभागाने विचारलं होतं: सभासद क्रमांक दोनशे सात, सुगंधा कोळेकर, यांचे कामाचे तास आठवड्याला वीस. पूर्णवेळ नसलेल्या व्यक्तीची नोंदणी कशी झाली? आज पाच वाजेपर्यंत कारण कळवावे.

कारण शांतिनाथला दोन मिनिटांत सापडलं. खंडेनवमीला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकांची पूजा व्हायची आणि प्रत्येकाच्या नावाने पेढ्यांचा पुडा निघायचा. नोंदणीची मुदतही त्याच दिवशी संपत होती. झेंडूची फुलं आली नाहीत म्हणून आरडाओरडा चालू असताना त्याने कर्मचाऱ्यांच्या यादीऐवजी पेढ्यांची यादी संघाकडे पाठवून दिली. पहारेकरी आणि स्वयंपाकी कंत्राटदाराचे, त्यांचे पेढेही कंत्राटदाराकडे. त्यामुळे दोन याद्यांत फरक एकाच नावाचा होता. रोज सकाळी चार तास येऊन काचेची भांडी धुणाऱ्या कोळेकर मावशींचा.

इलेक्ट्रॉनिक पाटीवर उघडलेल्या उत्तराच्या अर्जात दोन चौकटी होत्या, आणि तळाशी सभासदाच्या अंगठ्याची जागा. पहिली, 'नोंदणी अधिकाऱ्याची चूक'. तशी असेल तर सभासदाला, त्याची इच्छा असल्यास, वर्ष संपेपर्यंत राहता येई. दुसरी, 'खोटी माहिती'. तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: जो कोणी खोटी माहिती देईल, त्याला तत्काळ संघातून कमी करून सात वर्षं कोणत्याही संघात घेतलं जाणार नाही.

शांतिनाथचं बोट पहिल्या चौकटीवर गेलं, आणि त्याला बढतीचं पत्र आठवलं. मग त्याने दुसरीत खूण केली आणि पाटी घेऊन धुण्याच्या खोलीत गेला.

"मावशी, तुमचे रोजचे तास आठ आहेत असं संघाला कळवलं गेलंय. तुम्हीच सांगितलं असणार."

कोळेकर मावशींनी चंबू खाली ठेवला. "मी? कवा सांगितलं? तुम्ही टोचून घ्या म्हणालात, मी घेतलं."

"घाईत सांगितलं असेल."

"आसंल बाई. आठवत न्हाई." हात पदराला पुसत त्यांनी पाटीवर अंगठा टेकवला. मग त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "माझ्यामुळं तुम्हांस्नी तरास झाला का हो साहेब?"

"नाही, नाही," शांतिनाथ म्हणाला. बारीक अक्षरांतला मजकूर त्याने वाचून दाखवला नाही. जिना चढताना त्याला स्वतःची लाज वाटली, पण अर्ज त्याने पाठवला.

दुपारी डॉ. हेमांगी शिरगुप्पे दार न ठोठावता आत आल्या. संघाच्या प्रकृतीवर देखरेख ठेवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"मगदूम, दोनशे सातला काढताय?"

"पाच वाजता निघतील. का?"

"आपल्या रक्तात टोचलेले दक्षकण काम कसं करतात, माहीत आहे?"

"आजार होऊ देत नाहीत."

"स्वतःहून ते काहीच करत नाहीत. कुणा एकाचं शरीर नव्या जंतूशी लढून जिंकतं. त्याच्या रक्तातले कण ती लढत टिपून घेतात. त्याला आम्ही धडा म्हणतो. हा धडा आपण हातावर बांधतो त्या मनगटीवाटे सगळ्या संघाला मिळतो आणि जंतू येण्याआधीच बाकीचे तयार असतात. म्हणजे कुणीतरी आधी आजारी पडावं लागतं."

"पण यंदा तर कुणीच..."

"यंदा एकोणचाळीस धडे आले. एक संचालकांनी परदेशातून आणला, एक माझ्या मुलीच्या शाळेतला. उरलेले सदतीस एकाच रक्तातून आलेत. तुम्ही आम्ही गाळलेल्या हवेत बसतो आणि बंद गाडीतून घरी जातो. आपल्याला जंतू भेटणार कुठे?"

शांतिनाथला फेब्रुवारी आठवला. मावशी डोक्याला फडकं बांधून, तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी चंबू विसळत होत्या. अर्धवेळ माणसाला रजा नसते, म्हणून नोंदही नसते. तो दारातूनच म्हणाला होता, "तोंड झाकून घ्या हो, मावशी."

"पण धडे तर आता आपल्याकडे आहेतच ना?" त्याने चाचरत विचारलं.

"कायदा वाचा. रक्त ज्याचं, धडा त्याचा. सभासद निघाला की त्याचे धडे सगळ्यांच्या कणांतून पुसले जातात. आपली शरीरं त्या जंतूंशी कधी लढलेलीच नाहीत. मावशींना काही होणार नाही, त्या खरोखर लढल्यात. आपलं मात्र अवघड आहे. वर्ष संपायला दोन महिने आहेत. तेवढ्यात त्यांना पूर्णवेळ करता येईल. पण आज त्या राहिल्या पाहिजेत. पाचपर्यंत पाठवलेलं उत्तर बदलता येतं."

शांतिनाथ उठला. मावशी एकट्याच बुडणार होत्या तेव्हा त्याचे पाय जिन्यावर अडखळले नव्हते. आता स्वतःच्या छातीवर बेतलं तेव्हा धावत सुटले. हे त्याला कळत होतं आणि कळूनही तो धावतच होता.

मावशी दुपारी एका रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करायच्या. तो पोचला तेव्हा साडेचार वाजले होते. वाफेने कोंदलेल्या खोलीत त्या रुग्णांच्या मळक्या चादरी वेगळ्या काढत होत्या. सदतीस धडे कुठून आले ते विचारायची गरजच उरली नाही. त्याने सवयीने रुमाल नाकाकडे नेला आणि तसाच खिशात ठेवला. रुमालापेक्षा भक्कम संरक्षण त्याच्या रक्तात होतं, आणि ते या बाईने दिलेलं होतं.

त्याने सगळं सांगितलं: पेढ्यांची यादी, दोन चौकटी, धडे, फेब्रुवारीतला ताप.

मावशींनी हातातली चादर घडी न करताच ठेवली. "सकाळी म्हणालात, चूक माझी. आता म्हणता, तुमची. रातच्याला कुणाची आसंल?"

"माझीच, मावशी. तुम्ही हो म्हणालात तर वर्ष संपेपर्यंत संघात राहाल. नाही म्हणालात तरी मला बोलायला तोंड नाही."

"सकाळधरनं जिवाला चैन न्हाई माझ्या. म्हटलं, या वयात मी खोटं बोलले तरी कवा? काम सुचंना." त्यांचे डोळे भरून आले. "मी राहते. आजारी काय, मी तशीबी पडणारच हाय. पण मी खोटं बोलले न्हाई, हे लिवा. आदी ते लिवा, मग माझा अंगठा घ्या."

शांतिनाथने पाटीवर लिहिलं: 'श्रीमती कोळेकर यांनी खोटी माहिती दिलेली नाही. ती मी दिली. नोंदणीची चूकही माझीच.' बढतीचा विचार येऊन गेला. कधी नव्हे ते त्याने तो परतवला. मावशींनी अंगठा लावला. पाचला सात मिनिटं होती.

उत्तर लगेच आलं. 'सभासद दोनशे सात: कायम. खोटी माहिती देणारा: सभासद एकतीस, शांतिनाथ मगदूम. नियमानुसार तत्काळ कमी. त्याच्या कणांतून इतर सभासदांचे धडे पुसले. सभासदाने परत न्यावयाचे स्वतःचे धडे: शून्य.'

मनगटीवरचा हिरवा दिवा विझला. सकाळी न वाचून दाखवलेली बारीक अक्षरं शांतिनाथला आता स्पष्ट आठवली.

मावशी पुन्हा चादरींकडे वळल्या होत्या. एक मोठं गाठोडं सोडता सोडता त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही भाईर थांबा बगू. हितली हवा बरी न्हाई."

शांतिनाथने खिसा चाचपला. पंप कचेरीत, टेबलाच्या खणात राहिला होता.